दवाखान्याची हळद

उंबरटोल्याच्या सरकारी दवाखान्यातून बाहेर पडायच्या चारच वाटा होत्या, आणि त्या चारही डॉक्टरांच्या रजिस्टरात आखलेल्या होत्या: बरा, बरासा, न सांगता गेला, मेला. माणूस कसाही असो, कशानेही आलेला असो, यांपैकी एका रकान्यात कोंबल्याशिवाय सरकार त्याला घरी जाऊ देत नसे. पाचव्या रकान्याला कागदावर जागाच नव्हती. तो दुर्पताच्या डोक्यात होता.

दुर्पता दवाखान्याची पाणीवाली. नेमणूक विहिरीवरून पाणी आणून माठ भरायची. पण ती झाडायची, रोग्यांना कुशीवर वळवायची, मेलेल्यांचे डोळे मिटायची आणि जिवंतांची भांडणं सोडवायची. तिच्या नोकरीच्या बावीस वर्षांत पाच डॉक्टर आले आणि बदली करून घेऊन गेले. कुणाला नवेगावच्या बांधाकडची दमट हवा मानवली नाही, कुणाला इथली माणसं. दुर्पता मात्र औषधाच्या खिडकीखालच्या दगडावर लोटा घेऊन बसलेलीच. खिडकीतून कंपाउंडर छोटेलाल औषध द्यायचा, खाली दुर्पता पाणी. औषध घशाखाली उतरलं की नाही हे पाहणारे डोळे तिचे, आणि त्या औषधानं पुढं माणसाचं काय केलं हे विचारणारं तोंडही तिचंच. ते विचारावं असं दुसऱ्या कुणाला कधी वाटलंच नाही.

नागझिऱ्याच्या जंगलात साहेबांच्या शिकारीला हाका घालणारा एक गडी होता. पानाखाली उंदीर सरकला तरी तो सांगायचा. तापानं आला, महिनाभर क्विनीन प्याला, ताप गेला आणि जाताना कानही घेऊन गेला. पुढच्या शिकारीला मागून अस्वल आलं, सगळं रान ओरडलं, आणि हा आपला शांतपणे तंबाखू मळत उभा. वाचला, पण पाठीचं कातडं तिथंच ठेवून. रजिस्टरात तो 'बरा'. एका म्हातारीला पोट साफ व्हायची पांढरी पूड दिली. पोट साफ झालं, आणि दोन महिन्यांत तोंडही साफ झालं. औषधाला म्हणून एक दात राहिला नाही. तीही 'बरी'.

हे सगळं दुर्पता लक्षात ठेवायची आणि लोटा पुढं करतानाच सांगून टाकायची. "क्विनीन आहे बाप्पा. ताप जाईन, पन कानात रातकिडे बोलतीन. लई बोलाले लागले तं मले येऊन सांग." पाचही डॉक्टरांना तिचा हा उद्योग खटकायचा. पाणी पाजायचं सोडून ही बाई लोकांना भिववते, असं प्रत्येकानं जाणाऱ्याकडून ऐकून घेतलं आणि येणाऱ्याला सांगितलं. काढून मात्र कुणी टाकलं नाही. तिच्याएवढं काम करणारी दुसरी कुठून आणणार?

दुर्पताला स्वतःचं असं एकच मागणं होतं, आणि ते तिच्या लेकीचं होतं. दुर्पताचा पहिला नवरा साप चावून गेला, तेव्हा जातीनं तिचा पाट लावून दिला. पाट म्हणजेही लग्नच, पण लाजत लावलेलं. मांडव नाही, वाजंत्री नाही, हळद नाही. चार माणसं येणार आणि मागच्या दारानं बाईला घेऊन जाणार. बाईला हळद जन्मात एकदाच, असा जातीचा कायदा. पाटाच्या बाईनं दुसऱ्याच्या हळदीच्या ताटालाही हात लावायचा नाही. म्हणून टोल्यात, म्हणजे त्या वस्तीत, कुठंही लग्न निघालं की दुर्पता लांब ओट्यावर बसायची, आणि बायांना हात धुवायला पाणी द्यायची. नोकरी पाण्याची आणि मानही पाण्याचाच. हा दुसरा नवराही तापात गेला. मागं राहिली फुलवंता. तिला मांडवात बसवायची, तिच्या अंगाला टोल्यातल्या सगळ्या बायांनी हळद लावायची आणि आपण ती डोळे भरून पाहायची, एवढ्यासाठी दुर्पतानं इतकी वर्षं विहिरीचं पाणी ओढलं होतं.

बेचाळीस साली जपान्यांनी जावा बेट घेतलं. ते बेट कुठं आहे हे उंबरटोल्यात कुणाला ठाऊक नव्हतं. पण क्विनीन तिथून येत होतं, हे ताप आल्यावर कळलं. दोन पावसाळे माणसं गोधडीत कुडकुडत गेली आणि रजिस्टराचा चौथा रकाना भरत राहिला. मग चव्वेचाळीसच्या माघात पिवळ्या गोळ्यांचे डबे आले. सोबत हुकूम आला: गोळी दवाखान्यातच, माणसाच्या देखत गिळवावी, डॉक्टर आणि कंपाउंडर यांनीही रोज एक घ्यावी आणि सही करावी. पाणीवालीला सरकारनं नोकरांत धरलं नव्हतं, त्यामुळे तिला डास तेवढे मिळाले, गोळी मिळाली नाही.

सहावे डॉक्टर त्याच महिन्यात नागपूरहून आलेले. सोबत दोन मच्छरदाण्या: एक निजायला, एक वाचत बसायला. रोज सकाळी ते नेमानं सही करत, छोटेलालही करी, आणि दोन्ही गोळ्या टेबलाच्या खणात जात. फार कडू, असं छोटेलालचं म्हणणं. "जीभ खराब हो जाती है, दुर्पताबाई."

पहिल्याच दिवशी दुर्पतानं डॉक्टरांना विचारलं, "ह्या गोळीनं काय होते जी?"

"ताप जातो."

"अन् आनखीन?"

"आणखीन काही नाही. सरकारी गोळी आहे."

या आणखीन-काही-नाहीचा पहिला मासला मंगरू. जंगलखात्याचा रखवालदार, जन्मात कुणाशी मान वर करून न बोललेला. सातव्या दिवशी ताप उतरला, आणि मंगरू दवाखान्याची घोंगडी कोटासारखी अंगात घालून डॉक्टरांच्या खोलीत शिरला. खुर्चीवर काठी आपटून म्हणाला, "या खुर्चीचा सागवान कोठून तोडला? पास दाखव!" गोळीनं मंगरूचा रेंजरसाहेब झाला होता. त्या आवाजावर वॉर्डातल्या रोग्यांनी सवयीनं हात जोडले आणि छोटेलाल तर उठून उभा राहिला. मंगरूनं खुर्ची जप्त केली, दोन खाटा जप्त केल्या आणि एका म्हातारीला जळणाची सूट दिली. दुर्पतानं त्या दिवसापासून त्याला नुसतंच पाणी पाजलं, गोळी पदराला बांधली. चार दिवसांत तो पुन्हा मान खाली घालून बोलू लागला आणि 'बरा' लिहून घरी गेला. त्या चार दिवसांत त्यानं खऱ्या रेंजरपेक्षा जास्त न्याय केला, असं लोक पुढं बरीच वर्षं सांगत.

चैत्राच्या तोंडी फुलवंताला ताप आला. लग्न वैशाखातलं ठरलेलं. खैरटोल्याच्या बिसरामाचा मुलगा केवळराम नवरा. दुर्पतानं लेकीला स्वतःच्या हातानं सात दिवस गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी ताप गेला. दहाव्या दिवशी आई लेकीची वेणी घालायला बसली, तर लेकीचे कान पिवळे. मग मान पाहिली, तळवे पाहिले, पाय पाहिले. सगळी पोरगी पिवळी.

"कावीळ असेल," डॉक्टर मान वर न करता म्हणाले.

"काविळीत डोरे पयले पिवरे होतेत जी. हिचे डोरे तांदरावानी पांढरे आहेत."

डॉक्टरांनी मान वर केली. पाणीवालीनं डोळे पाहून रोग ओळखावा हे काही त्यांना रुचलं नाही. "मग उन्हानं असेल," ते म्हणाले.

दुर्पतानं त्यांचा नाद सोडला. मंगरू घरी जाताना त्याचेही तळवे असेच दिसले होते, पण तेव्हा ती त्याच्या रेंजरीनं इतकी हैराण झालेली की लक्ष दिलं नव्हतं. सुट्टीच्या दिवशी ती तीन कोस चालत मंगरूच्या टोल्यावर गेली. मंगरू पिवळा. त्याच्यासोबत गोळ्या घेतलेले जंगलातले सहा मजूरही पिवळे, डोळे सगळ्यांचे पांढरे, आणि ताप एकालाही नाही. गोळी न घेतलेली त्यांची बायकापोरं होती तशीच. दुर्पतानं सात जणांचे हात आपल्या हातात धरून पाहिले आणि परत आली. पाचव्या रकान्यात एक ओळ वाढली.

पण तोवर इकडं व्याही येऊन गेले होते.

बिसराम जातीचा पंच. कुणाचं लग्न खरं, कुणाचा पाट, कुणाला जातीत घ्यायचं आणि कुणाला बाहेर ठेवायचं, हे तो पिंपळाखाली बसून ठरवायचा. स्वतःच्या घरचं काय ठरवायचं हे मात्र त्याची बायको शामकला ठरवायची. दोघं सुनेला लुगडं द्यायला आलेली. फुलवंतानं लुगडं घ्यायला हात पुढं केला, आणि शामकलानं तो मनगटाजवळ धरून ठेवला. पदर पाण्यात बुडवून तिनं पोरीचा हात घासला, एकदा, दोनदा. पिवळा रंग काही निघेना.

"माह्या हात आहे मामीजी, गंज नाई," फुलवंता म्हणाली आणि तिनं हात ओढून घेतला.

एवढं झाल्यावर बिसरामाला सगळं समजलं. पंचाला समजायला वेळ लागत नाही. पोरीला कुठंतरी आधी हळद लागली होती, लग्न मोडलं होतं, आणि माय-लेकींनी ते झाकलं होतं. माय पाटाची, मग लेक कशी असणार? दुर्पता मंगरूच्या टोल्यावरून आली तेव्हा बिसरामाचा निरोप शेजारच्या बायांनी तिच्या आधी ऐकला होता: बिसराम मन मोठं करतो आहे. पोरगी नाकारत नाही. पण मांडव नाही, वाजंत्री नाही, हळद नाही. पाट लावून नेऊ.

हे ऐकून दुर्पता दारातच रडू लागली. दोन नवरे गेले तेव्हाही ती अशी रडली नव्हती. मग तोंड धुऊन ती सरळ दवाखान्यात गेली.

"जी, एक चिठ्ठी लिहून द्या. का हे पिवरं गोळीचं आहे. मी सात जनाईचे हात पाह्यले."

डॉक्टर अस्वस्थ झाले. तीनच दिवसांपूर्वी वरून विचारणा आली होती: नव्या गोळीचे काही अनपेक्षित परिणाम दिसून आले काय? त्यांनी सुबक अक्षरात 'निरंक' असं लिहून पाठवलं होतं. मंगरूनं जप्त केलेल्या खुर्चीतच बसून लिहिलं होतं.

"असं लिहून देता येत नाही," ते म्हणाले. "लोक घाबरतील. गोळ्या घेणार नाहीत. मग मरतील, ते चालेल तुला?"

"लोकं गोळीले नाई भेत जी. त्याईले कोनी सांगत नाई, म्हनून भेतात. तुमी सांगतलं असतं तं माह्या पोट्टीचा हात त्या बाईनं असा घासला असता काऊन?"

डॉक्टरांनी रजिस्टर उघडलं आणि काहीतरी शोधू लागले. फुलवंताच्या नावापुढं 'बरी' लिहिलेलं होतं.

चौथ्या दिवशी खैरटोल्याहून एक बैलगाडी आली. तीत तीन गोधड्यांखाली बिसराम दातांवर दात वाजवत पडलेला. क्विनीन कुठंच नव्हतं, आणि पिवळ्या गोळ्या दोन तालुक्यांत फक्त इथं. छोटेलालनं खिडकीतून गोळी दिली. दुर्पता लोटा घेऊन उभी राहिली. तिच्या मनात काय काय आलं हे सांगायला नको. पाट लावायला निघालेला व्याही तिच्या लोट्याच्या पाण्याला आला होता. पण बावीस वर्षांची सवय. तिनं सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं सांगितलं:

"इवाई, ताप जाईन. जीव वाचन. पन आठ-दहा दिवसानं आंग पिवरं होईन. आधी सांगून ठेवतो."

बिसराम त्या थंडीतही हसला. "पोट्टीचं झाकाले आता गोळीचं नाव सांगून राहिली का? दे पानी."

तिनं दिलं. रोज दिलं. एक गोळीही पदराला बांधली नाही.

ताप गेला. दहाव्या दिवशी शामकला नवऱ्याला न्यायला आली. खाटेशी उभी राहून तिनं त्याचा चेहरा पाहिला, मान पाहिली, मग त्याचा हात धरला. लोट्यात पदर बुडवला. घासला. एकदा, दोनदा. सगळा वॉर्ड उठून बसला.

"कोनाची हरद आहे हे?" शामकलानं विचारलं.

"अवो, गोळीची आहे!"

"गोळीची?"

"हाव ना! ह्या दुर्पताले इचार! तिनं पयल्याच दिवशी सांगतलं होतं मले!"

दुर्पतानं लोटा खाली ठेवला. घाई केली नाही. "मी का सांगू बाई? मी तं झाकून राहिली ना. पंचाईनं सांगावं. हरद लागलेल्या मान्साचं काय करतेत आपल्या जातीत, इवाई? पाट लावून देऊ का?"

वॉर्डात ज्याला हसवत होतं तो हसला, ज्याला हसवत नव्हतं तो खोकला. बिसरामाचं तोंड पिवळ्याखालून लाल झालं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला पंचाची नाही, साक्षीदाराची गरज पडली होती. "बोलवा डॉक्टरले!" तो ओरडला.

डॉक्टर आले आणि त्यांनी एका क्षणात ओळखलं की इथं 'हो' म्हटलं तर वर गेलेलं 'निरंक' खोटं पडतं. ते ताठ उभे राहिले. "गोळीनं असं काहीही होत नाही. मी स्वतः रोज घेतो. सहीसुद्धा आहे माझी. हा बघा." आणि त्यांनी आपला हात बिसरामापुढं धरला. गोरा, स्वच्छ, मऊ हात.

दुर्पतानं तो हात पाहिला. मग बिसरामाचा हात उचलून त्याच्या शेजारी ठेवला.

"जी," ती शांतपणे म्हणाली, "मी आतापर्यंत आठ जनाईचे हात पाह्यले गोळी घेतलेल्याईचे, अन् हा इवाईचा नववा. तुमचा हात गोळी घेतलेला नोहे."

छोटेलालनं हळूच दोन्ही हात पाठीमागं नेले. टेबलाचा खण शोधायला कुणी गेलं नाही, गरजच नव्हती. इतके दिवस सह्या करून जे झाकलं होतं ते डॉक्टरांनी स्वतःच उघडून दाखवलं होतं. बिसराम खाटेवर सावरून बसला. निवाडा द्यायची वेळ आली की त्याच्या अंगात बळ यायचं.

"डॉक्टरसाहेब, तुमी आजपासून रोज एक गोळी आमच्या समोर घ्याची. तुमी अन् तुमचा कंपाउंडर. वैशाखातल्या लग्नापर्यंत तुमी पांढरे राह्यले तं मी खोटा, अन् हे बाई खोटी. पिवरे झाले तं..." तो थांबला, शामकलाकडं पाहिलं आणि पुढचं तिनं पूर्ण केलं.

"तं मांडव टाकू. वाजंत्री आनू."

दुसऱ्या दिवसापासून खैरटोल्याची दोन माणसं रोज सकाळी दवाखान्याच्या ओट्यावर येऊन बसू लागली. डॉक्टर खिडकीशी येत, गोळी तोंडात टाकत, आणि दुर्पता लोटा पुढं करी. पहिल्या दिवशी तिनं त्यांनाही सांगितलं, कारण न सांगता पाजायची तिला सवय नव्हती: "आंग पिवरं होईन जी. घाबरू नका. डोरे पांढरेच राहतीन."

फुलवंताच्या हळदीला सगळा टोला आला. पोरगी अजून पिवळीच होती, त्यामुळे हळद लावली कुठं आणि राहिली कुठं हे बायांना कळेना. बिसराम पिवळा, मंगरू पिवळा, त्याचे सहा सोबती पिवळे. मांडवाच्या कोपऱ्यात डॉक्टर बसले होते, दोन्ही हात कोटाच्या खिशात घालून. वैशाखाच्या उन्हात कोट. दुर्पता लांब ओट्यावर पाण्याची घागर घेऊन बसली होती, नेहमीसारखी. मग ती उठली. मांडवात आली, शामकलाच्या पुढचं हळदीचं ताट तिनं दोन्ही हातांनी उचललं. बाया थबकल्या. शामकलानं तोंड उघडलं, नवऱ्याच्या हाताकडं पाहिलं आणि मिटलं.

दुर्पतानं आधी लेकीला हळद लावली, पायापासून कपाळापर्यंत, आणि मांडवात सगळ्यांसमोर हमसून रडली. मग डोळे पुसून, ताट घेऊन ती कोपऱ्यात गेली आणि डॉक्टरांचा एक हात खिशातून ओढून काढला.

"लावून घ्या जी," ती म्हणाली. "तुमच्यावर दिसत नाई."